मोटारीच्या मागील आसाची सरळता

बैलगाडीचा आस गाडीच्या लांबीशी काटकोनात बसलेला नसेल, तर बैल सरळ चालत असूनही गाडी तिरपी ओढली जाते. मोटारीलाही हाच नियम लागू आहे. मात्र तीत हा दोष डोळ्यांस सहसा दिसत नाही, तो मोजूनच शोधावा लागतो. जुन्या गाडीचे बसलेले पाटे काढून नवे, अधिक भक्कम पाटे घालण्याचे काम पुष्कळ हौशी मालक घरच्या अंगणात करतात. अशा वेळी मागील आस सरळ बसला किंवा नाही हे कसे पाहावे, याचा येथे विचार करू.

आसाची रचना

उदाहरणादाखल अँबेसेडर गाडी घेऊ. कोलकात्याजवळील उत्तरपारा येथे हिंदुस्थान मोटर्सने तिचे उत्पादन २०१४ पर्यंत केले. हिची दोन्ही मागील चाके एकाच ताठ आसाने जोडलेली असून तो आस दोन बाजूंच्या पाट्यांच्या कमानींवर आवळलेला असतो. कमानीचे पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला बोल्टाने बसवलेले असते. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यात अडकवलेले असते. ओझे पडले की कमान सपाट होऊन लांबते व शॅकल तिला वाट करून देते. म्हणून आस पुढेमागे कोठे राहील, हे कमानीच्या पुढच्या टोकापासूनच ठरते.

पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टाचे डोके आसाच्या बैठकीतील छिद्रात बसते. ते केवळ जागा निश्चित करते. चाकांचा जोर सोसते ते यू बोल्टांच्या आवळण्याने उत्पन्न होणारे घर्षण. यू बोल्ट सैल पडल्यास सर्व जोर सेंटर बोल्टावर येतो. तो तुटला की आस सरकू लागतो.

दोषाचा परिणाम

समजा, मागील चाकांमधील अंतर १३५० मिलिमीटर आहे आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा ६ मिलिमीटर पुढे आहे. मग आसाचा तिरपेपणा १ ला २२५, म्हणजे सुमारे पाव अंश होतो. पुढील व मागील चाकांत २४६० मिलिमीटर अंतर असल्यास गाडी खेकड्याप्रमाणे किंचित तिरपी धावते व मागील चाके सुमारे ११ मिलिमीटर एका बाजूस राहतात. स्टिअरिंगचे प्रमाण १६ ला १ धरल्यास, सरळ रस्त्यावरही चालकास ते सुमारे ४ अंश वळवून धरावे लागते. दोन्ही मागील चाके परस्परांशी समांतर असल्यामुळे टायरच्या झिजेवरून हा दोष सहज कळत नाही.

आस तिरपा असून स्थिर असेल, तर चालकाचा हात त्याला सरावतो. परंतु एका बाजूचे यू बोल्ट सैल असतील, तर वेग वाढवताना आस एका दिशेने सरकतो आणि ब्रेक लावताना दुसऱ्या. ओल्या रस्त्यावर अकस्मात ब्रेक लावण्याचा प्रसंग आल्यास ही गोष्ट प्राणावर बेतू शकते.

मोजण्याची रीत

गाडी सपाट फरशीवर उभी करावी. टायरांतील हवा दोन्ही बाजूंस सारखी असावी आणि गाडीचे ओझे चाकांवर असावे. गाडी हाताने थोडी पुढेमागे ढकलावी, म्हणजे पाटे आपल्या स्वाभाविक जागी येतात. मग कमानींच्या पुढच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून फरशीवर क व ख या खुणा खडूने कराव्यात. त्याचप्रमाणे आसाच्या डाव्या व उजव्या टोकांवरील समान जागांखाली ग व घ या खुणा कराव्यात. गाडी पुढे ढकलून ही अंतरे मोजावीत.

कग व खघ या बाजू समान नसतील, तर आस तिरपा आहे. बाजू समान असून कघ व खग हे कर्ण असमान असतील, तर आस आडव्या दिशेने सरकला आहे. दोन्ही जोड्या समान असतील, तर आकृती आयत किंवा समद्विभुज समलंब चौकोन असून आस पुढच्या बोल्टांशी जुळलेला आहे. अपघातात सांगाडाच वाकला असल्यास मात्र त्याच्या पुढील भागातील खुणांपासूनही कर्ण मोजणे अवश्य आहे.

दुरुस्ती

दोष आढळल्यास प्रथम सेंटर बोल्टाचे डोके छिद्रात नीट बसले आहे काय, हे पाहावे. नंतर दोन्ही कमानींत पुढच्या टोकापासून सेंटर बोल्टापर्यंतचे अंतर ताडून पाहावे. पाटे नेहमी जोडीनेच बदलावेत. टोकांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे ओझे चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. अन्यथा रबर पिळलेलेच राहते व लवकर फाटते. पाटा तापवून कधीही वाकवू नये, कारण त्याने पोलादाचे पाणी उतरते.

नव्या पाट्यांनी गाडी उंच झाली, तर इंजिनाची शक्ती आसाकडे नेणाऱ्या दांड्याचे कोनही बदलतात. त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांतील कोन समान असले, तरच एका सांध्याने गतीत उत्पन्न केलेला चढउतार दुसरा नाहीसा करतो. ते असमान झाल्यास गाडीत थरथर सुरू होते.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पुढील चाकांना पुढून व मागून ठोकळे लावून गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. काम पुरे झाल्यावर काही दिवसांनी यू बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना आवळ कमी होतो. ओळंबा, खडू आणि मोजपट्टी एवढ्या साधनांनी शाळेतील भूमिती येथे माणसांच्या सुरक्षिततेस उपयोगी पडते.