ऑपरेशननंतर पेशंटला भास झाले तर काय करायचं?



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एका ताईंनी घरची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूबाईंचं मणक्याचं ऑपरेशन झालं. त्याच रात्री सासूबाई म्हणायला लागल्या, "मी वर तरंगतेय, भिंत हलतेय." घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. कुणी अंगारा आणायला निघालं, कुणी म्हणालं सलाईन काढून टाका. ताईंनी मात्र आधी सिस्टरला बोलावलं. तेव्हा कळलं, दुखणं कमी व्हावं म्हणून केटामाइन नावाचं औषध चालू होतं. डॉक्टरांनी ते कमी केलं आणि सकाळी सासूबाईंनी स्वतःहून चहा मागितला!

दवाखान्यात पेशंटजवळ बहुतेक वेळा आपणच बसतो. म्हणून ही माहिती.

केटामाइन म्हणजे काय?
हे भुलीचं औषध आहे. १९७० पासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. जास्त दिलं तर भूल येते, थोडं दिलं तर दुखणं कमी होतं. मोठ्या ऑपरेशननंतर कधीकधी ते पंपाने शिरेतून हळूहळू देतात. त्यामुळे मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात.

काय त्रास होऊ शकतो?
- मळमळ, उलटी, चक्कर, गुंगी
- अंधुक दिसणं, एकाचे दोन दिसणं
- विचित्र स्वप्नं, भास, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटणं
- बीपी आणि नाडीचे ठोके वाढणं
- तोंडाला जास्त लाळ सुटणं

सगळ्यांनाच हे होत नाही. झालं तरी औषध कमी किंवा बंद केल्यावर बहुतेक त्रास काही तासांत उतरतो. हे वेड नाही आणि बाधाही नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय सांगायचं?
बीपी, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार, पूर्वीचा मानसिक आजार, दारू किंवा इतर नशा, चालू गोळ्या, आणि बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तेही. लाजेपोटी काही लपवू नका. यावरूनच हे औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

जवळ बसणाऱ्यांनी काय करायचं?
भास होत असतील तर वाद घालू नका. हात धरा, हळू आवाजात सांगा, "तुम्ही दवाखान्यात आहात, मी इथंच आहे." गर्दी आणि आवाज कमी करा. पेशंटला एकट्याने खाली उतरू देऊ नका, चक्कर येऊन पडायची भीती असते. पंपाला किंवा सलाईनला स्वतः हात लावू नका. कुठलाही त्रास दिसला की सिस्टरला सांगा.

छातीत दुखलं, श्वास मंद झाला किंवा हाक मारूनही पेशंट जागा होत नसेल, तर एक मिनिटही थांबू नका. लगेच सिस्टरला हाक मारा.

आणखी एक. नशेसाठी या औषधाचा गैरवापर होतो, म्हणून त्यावर कडक नियम आहेत. पण दवाखान्यात देखरेखीखाली थोडा वेळ देणं वेगळं. त्या भीतीने पेशंटला दुखणं सोसायला लावू नका. दुखणं कमी असेल तर पेशंट मोकळा श्वास घेतो आणि लवकर चालायला लागतो.

"सिस्टर, या सलाईनमधून कुठलं औषध चाललंय?" एवढं विचारायला अजिबात संकोच करू नका. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, म्हणजे ज्या तायांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही पोहोचेल.

तुमची क्षेत्र समन्वयक