नाटक म्हणू नका

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ नावाचं जुनं मनोरुग्णालय आहे. १९६१ साली सतरा वर्षांची एक मुलगी तिथे दाखल झाली. ती वारंवार स्वतःला इजा करून घेत असे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिला तिथेच ठेवलं. पुढे २०११ साली त्याच संस्थेत भाषणाला उभ्या राहिलेल्या नामवंत मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की ती मुलगी मीच.

आपल्याकडे मूल स्वतःला इजा करतंय असं लक्षात आलं, की घरात पहिलं वाक्य निघतं ते ‘नाटकं आहेत सगळी’. पण बहुतेक मुलं ही गोष्ट लपवतात. असह्य झालेली भावना क्षणभर तरी उतरावी, हे त्यामागचं सर्वाधिक आढळणारं कारण. ती उतरते, म्हणूनच सवय जडते. जगभरच्या अभ्यासांचा २०१४ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे १७ टक्के किशोरवयीनांनी मरण्याचा हेतू नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं दिसलं. ही सगळी मुलं, अशी इजा ज्यात वारंवार दिसते त्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची नसतात, हे आधी पक्कं ध्यानात घ्यायला हवं.

मात्र इजेची सवय आणि हा विकार, दोन्हींच्या मुळाशी स्वभावाचे काही धागे सारखेच आढळतात. पहिला धागा भावनांच्या तीव्रतेचा. दूध चटकन उतू जावं आणि गॅस बंद केल्यावरही पातेलं बराच वेळ तापलेलंच राहावं, तसं या मुलांचं होतं. दुसरा उतावळेपणाचा: आधी कृती, मग विचार. तिसरा नाकारलं जाण्याच्या धास्तीचा, आणि चौथा स्वतःलाच सतत धारेवर धरण्याचा. विकारात यांच्या जोडीला आतला रितेपणा, ‘मी नक्की कोण’ हा गोंधळ आणि टोकाची, अस्थिर नाती येतात.

लिनेहान म्हणतात, नुसत्या स्वभावाने विकार होत नाही. हळवं मूल आणि ‘एवढ्यातेवढ्यावरून रडायचं काय?’ म्हणणारा भोवताल, यांची गाठ पडली की गुंता वाढत जातो. त्यात दोष कुणा एकाचा नसतो.

त्यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) या उपचारपद्धतीत प्रसंगाची कडी न् कडी उलगडतात. समजा, मैत्रिणीने मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. ‘तिला मी नकोशी झालेय’ हा विचार आला. छातीत धडधड, जेवणावरून आईशी खटका, खोलीचं दार बंद, आणि मग इजा. यातली कुठली कडी तोडता आली असती? चेहऱ्यावर गार पाणी मारून? आईला हाक मारून? मुलं रोज एका कार्डावर भावना आणि ऊर्मी किती तीव्र होती, याचे आकडे लिहितात. नॉर्वेत ७७ किशोरवयीनांवर झालेल्या चाचणीत १९ आठवड्यांच्या अशा उपचारांनी इजेचे प्रकार नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त घटले.

अठराच्या आत बॉर्डरलाइन विकाराचं निदान करावं का, यावर बराच वाद झाला. कोवळ्या वयात शिक्का नको, ही भीती रास्तच. पण लक्षणं वर्षभर टिकून असतील, तर अमेरिकी निदानपुस्तिका त्याला मुभा देते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँड्र्यू चॅनेन यांचा ‘हाइप’ उपक्रम तर लवकर उपचार सुरू करण्यावरच उभा आहे. तिथल्याच व्हिक्टोरिया राज्यात शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा इजा करणाऱ्या दहातल्या सुमारे नऊ जणांची ही सवय तिशीच्या आत सुटलेली होती.

म्हणून स्वस्थ बसावं, असं नाही. इजेचा पूर्वेतिहास पुढे आत्महत्येचा धोका वाढवतो. तेव्हा आरडाओरडा, शपथा, झडती यांच्या फंदात पडू नका. ‘तुला फार त्रास होतोय, हे दिसतंय’ एवढं म्हणा आणि ऐकत बसा. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. औषधं, धारदार वस्तू मुलांच्या हाताशी ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीतही चालतो. तो मुलांच्या फोनमध्ये असू द्या, तुमच्याही.