दगडावरील सजीव फुले

आपला चोपडा तालुका सातपुडा पर्वत व तापी नदी यांच्या मधोमध वसलेला आहे. ज्या अरबी समुद्रास तापी मिळते, त्याच समुद्राच्या काठी मुंबई आहे. तेथे ओहोटीच्या वेळी खडकांवर इवल्या इवल्या फुलांचे ताटवे पसरलेले दिसतात. ही फुले नव्हेत. ते प्राणी आहेत. ‘झोअँथिड’ हे त्यांचे नाव. ते ‘प्राणी’ व ‘फूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे.

झोअँथिड हे प्रवाळांचे भाऊबंद होत. प्रवाळ चुन्याचे कठीण घर बांधते. झोअँथिड मात्र मऊच राहतो. त्याच्या तोंडाभोवती पाकळ्यांसारखी शुंडके असतात. अनेक जातींच्या देहात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि भाडेकरूने भाडे द्यावे त्याप्रमाणे त्यातील बराच वाटा यजमानास देते.

हौशी लोक हे जीव घरी काचेच्या पेटीत पाळतात. त्यांना प्रकाश, वाहते पाणी आणि योग्य खारटपणा लागतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या पेटीत साडेतीन किलो क्षार झाले. समजा, त्यातील १० लिटर पाणी उडून गेले. क्षार उडत नाहीत. म्हणून उरलेल्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३९ ग्रॅम क्षार होतात. यास्तव उडालेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालावी लागते, खाऱ्या पाण्याने नव्हे.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. खानदेशचा वैशाख हे कसे साधू देणार? पाण्यावर पंखा फिरविला, तर माठातील पाण्याप्रमाणे ते थोडे निवते. परंतु पाणी अधिक उडते व वारंवार भर घालावी लागते. भर उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही. पाणी फार तापले की शैवाल देहाबाहेर पडते. जीव पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू शकतो.

या सौंदर्यात एक मोठा धोकाही लपलेला आहे. काही जातींत ‘पॅलिटॉक्सिन’ नावाचे अतिशय तीव्र विष असते. १९७१ साली मूर व शॉयर या शास्त्रज्ञांनी हवाई बेटांतील अशा एका जीवातून ते वेगळे काढले. कोणती जात विषारी, हे नुसते पाहून ओळखणे कठीण. म्हणून सर्वच विषारी मानून वागावे. हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय त्यांना स्पर्श करू नये. हातास जखम असल्यास तर मुळीच करू नये. त्यांचे दगड उकळू नयेत, गरम पाण्याने धुऊ नयेत किंवा कोरडे घासू नयेत. वाफेबरोबर व उडणाऱ्या कणांबरोबर विष श्वासात जाते. अशा एका दगडापायी सबंध कुटुंबाला रुग्णालयात जावे लागल्याची उदाहरणे परदेशांत घडली आहेत.

मुलांनो, तुम्ही कधी मुंबईच्या किनाऱ्यावर गेलात, तर हे ताटवे वाकून अवश्य पाहा; परंतु त्यांना हात लावू नका आणि त्यांवर पाय देऊ नका. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. ती घरी आणणे हा गुन्हा होय. पेटीतील समुद्र जगविण्यास किती जपावे लागते, हे ज्याने जाणले, तो खऱ्या समुद्रातील एक खडाही विचारपूर्वकच उचलील.