गिटार विवर्धकाचे अतिचालन

गिटार विवर्धकाचे अतिचालन : विद्युत् गिटारच्या विवर्धकातील इलेक्ट्रॉन नलिका जेवढा संदेश अविकृत स्वरूपात वाढवू शकतात, त्याहून मोठा संदेश त्यांना पुरविणे आणि त्यातून उद्‌भवणाऱ्या विकृतीचा वाद्याच्या नादाचा एक घटक म्हणून हेतुपुरस्सर उपयोग करणे, यास अतिचालन म्हणतात. वादकांत ते ओव्हरड्राइव्ह याच नावाने रूढ आहे. रेडिओ, ध्वनिमुद्रण, सार्वजनिक ध्वनिक्षेपण इ. सर्व ठिकाणी विकृती हा दोष मानला जातो व तो कमी करण्यासाठी अभिकल्पक झटत असतात. गिटारच्या बाबतीत मात्र विवर्धक हा वाद्याचाच उत्तरार्ध आहे, असे म्हणावे लागते. १९५० ते १९७० या काळातील विवर्धक अशा उपयोगासाठी बनविलेले नव्हते. त्यांना विकृत करण्यासाठी आवाज इतका वाढवावा लागे की, तो लहान जागेत असह्य होई. कमी आवाजात अधिक अतिचालन मिळावे म्हणून जुन्या विवर्धकांच्या मंडलांत फेरफार करण्याची प्रथा पडली, ती यामुळेच. [⟶ इलेक्ट्रॉन नलिका, विवर्धक].

पूर्वेतिहास : अमेरिकेतील लिओ फेंडर (१९०९–९१) यांचे विवर्धक स्वच्छ, खणखणीत आवाजासाठी योजलेले होते. विकृत आवाजाची गोडी वादकांना लागली ती बरीचशी अपघाताने. १९५१ मधील ‘रॉकेट ८८’ या गीताच्या वेळी प्रवासात इजा झालेला विवर्धक कागद कोंबून वापरला गेला, असे सांगितले जाते. लिंक रे यांनी ‘रंबल’ (१९५८) या रचनेसाठी ध्वनिक्षेपकाच्या शंकूला भोके पाडली, तर ‘द किंक्स’ या ब्रिटिश वृंदातील डेव्ह डेव्हीस यांनी १९६४ मध्ये आपल्या लहानशा विवर्धकाचा शंकू दाढीच्या पात्याने चिरला. हेही एक प्रकारे विवर्धकातील फेरफारच होत. मात्र ते परत उलटविता येण्याजोगे नव्हते.

लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल (१९२३–२०१२) व त्यांचे साहाय्यक केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी १९६२-६३ च्या सुमारास फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ या विवर्धकाचे मंडल जवळजवळ जसेच्या तसे घेऊन आपला पहिला विवर्धक बनविला. मूळ मंडलात पहिल्या टप्प्यावर १२ एवाय ७ ही सु. ४४ विवर्धन गुणांकाची नलिका होती. मार्शल यांनी तेथे सु. १०० गुणांकाची ईसीसी ८३ (अमेरिकन नाव १२ एएक्स ७) बसविली. नलिका, रोहित्र व ध्वनिक्षेपक यांतील अशा थोड्या फरकांमुळे आवाजाची प्रकृतीच पालटली. जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ वृंदाच्या १९६६ मधील ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी मार्शल विवर्धक पूर्ण आवाजावर ठेवून वाजविला आणि तो नाद आदर्श मानला जाऊ लागला.

विकृती कशी निर्माण होते : त्रिप्रस्थ (तीन विद्युत् अग्रांच्या) नलिकेत ऋणाग्राकडून पट्टिकेकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉन प्रवाहावर मधल्या जालकावरील विद्युत् दाबाचे नियंत्रण असते. जालक ऋणाग्राच्या तुलनेने एक ते दीड व्होल्ट ऋण ठेवलेले असते. संदेशाच्या धन अर्धात जालक ऋणाग्राच्या दाबापाशी पोहोचले की, जालकातूनच प्रवाह वाहू लागतो व तरंगाचा माथा चेपला जातो. ऋण अर्धात जालक पुरेसे ऋण झाले की, नलिकेतील प्रवाह खंडित होतो व तरंगाचा तळ छाटला जातो. या दोन मर्यादा समान अंतरावर नसल्यामुळे छाटणी विषम होते. विषम छाटणीतून मूळ कंप्रतेच्या दुप्पट, चौपट अशा समपटीतील, तर दोन्हीकडील सारख्या छाटणीतून तिप्पट, पाचपट अशा विषमपटीतील संनादी घटक उत्पन्न होतात. शिवाय छाटलेल्या तरंगाचा परमप्रसर जवळजवळ स्थिर राहत असल्याने तार छेडल्यानंतरचा स्वर लवकर विरत नाही, लांबतो. सतारीची किंवा सरोदची आस ऐकण्याची सवय असलेल्या कानाला या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पिकअपमधून येणारा संदेश साधारणतः एकदशांश व्होल्ट, जोरकस आघातात क्वचित एक व्होल्टपर्यंत असतो. १०० किलोओहमचा पट्टिका रोधक व १·५ किलोओहमचा ऋणाग्र रोधक असलेल्या नेहमीच्या टप्प्यात ईसीसी ८३ नलिकेचा अंतर्गत रोध सु. ६२·५ किलोओहम धरल्यास विवर्धनांक सु. ६० येतो. म्हणजे ०·१ व्होल्टचे ६ व्होल्ट होतात. पुढच्या टप्प्याचे जालक जेमतेम दीड व्होल्ट सहन करते, तेव्हा अतिचालनास हे पुरेसे आहे असे वाटेल. परंतु मधले आवाज-नियंत्रण, दोन मार्ग जोडणारे रोधक व विशेषतः स्वरनियंत्रक मंडल यांत संदेशाचा मोठा भाग खर्ची पडतो. जुन्या विवर्धकात फेरफार करणे म्हणजे प्रायः ही तूट भरून काढणे होय.

लहान फेरफार : सर्वांत सोपा उपाय नलिका बदलण्याचा. १२ एवाय ७ च्या जागी १२ एएक्स ७ बसविताना मंडलाला हातही लावावा लागत नाही. दुसरा उपाय ऋणाग्र रोधकाला समांतर धारित्र जोडण्याचा. धारित्र नसेल, तर ऋणाग्राचा दाब संदेशाबरोबर हलतो व विवर्धनास विरोध करतो. वर दिलेल्या टप्प्याचा विवर्धनांक मग सु. ३२ एवढाच राहतो. २५ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडल्यास तो सर्व कंप्रतांना जवळजवळ दुप्पट होतो. तथापि येथेच नवशिक्याची पहिली चूक होते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्‌झ असते व मंद्र स्वरांत ऊर्जा अधिक असल्याने अतिचालनात तेच आधी छाटले जातात. परिणामी आवाज गढूळ होतो. यासाठी मार्शल कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एका मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर २·७ किलोओहमचा रोधक व केवळ ०·६८ मायक्रोफॅराडचे धारित्र वापरले. त्यामुळे सु. २०० हर्ट्‌झच्या वरच्या स्वरांनाच पूर्ण वाढ मिळते. टप्प्यांना जोडणारे ०·०२२ मायक्रोफॅराडचे धारित्र बदलून त्याच्या दशांशाएवढे बसविल्यानेही खालची बाजू अशीच आखडते. अतिचालनापूर्वी मंद्र स्वर कमी करणे व नंतर हवे तेवढे वाढविणे, हा या कामातील सर्वांत उपयुक्त नियम आहे.

शक्तिनलिकांच्या टप्प्याकडून कलाविभाजकाकडे (एकाच संदेशाच्या परस्परविरुद्ध कलेच्या दोन प्रती करणाऱ्या टप्प्याकडे) परत आणलेला ऋण पुनःप्रदाय विकृती कमी करतो. परंतु त्याची क्षमता संपताच छाटणी एकाएकी व कठोरपणे सुरू होते. पुनःप्रदायाचा रोधक २७ किलोओहमवरून ४७ किंवा १०० किलोओहम केल्यास विवर्धन वाढते व स्वच्छ आवाजाकडून विकृत आवाजाकडे होणारे संक्रमण हळुवार बनते. पुनःप्रदाय पूर्ण काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो सरसकट मानू नये. ध्वनिक्षेपकाचे अवमंदन घटून खालचे स्वर सैल पडतात.

टप्प्यांची एकसरी जोडणी : खरा मोठा फरक पडतो तो एक टप्पा वाढविल्याने. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मार्शल कंपनीचा ‘१९८७’ या क्रमांकाचा (वर्षाशी याचा संबंध नाही) ५० वॉट शक्तीचा विवर्धक. त्यातील पहिल्या ईसीसी ८३ नलिकेचे दोन अर्ध दोन स्वतंत्र मार्गांसाठी समांतर योजलेले असतात. वादक बहुधा एकच मार्ग वापरतो; म्हणजे अर्धी नलिका निकामी बसून असते. हे दोन अर्ध एकापुढे एक जोडले की, चौकटीला नवे भोक न पाडता एक जादा टप्पा मिळतो. मार्शल कंपनीने स्वतःच हा मार्ग पत्करून १९७५ मध्ये १०० वॉटचा ‘२२०३’ व त्यानंतर ५० वॉटचा ‘२२०४’ हे विवर्धक काढले. १९८१ नंतर हीच मंडले ‘जेसीएम ८००’ या नावाखाली जगभर गेली. जुना ‘१९८७’ नव्या ‘२२०४’ सारखा करून घेणे, हा म्हणूनच सर्वाधिक केला जाणारा फेरफार ठरला.

यातील दुसऱ्या टप्प्याची रचना लक्षणीय आहे. त्याचा ऋणाग्र रोधक १० किलोओहमचा असून त्यास समांतर धारित्र नसते. त्यामुळे त्याचा विवर्धनांक ६० वरून जेमतेम आठावर येतो. विवर्धन वाढविण्यासाठी घातलेल्या टप्प्याचेच विवर्धन कमी ठेवण्यात विसंगती दिसेल; पण एवढ्या मोठ्या रोधकाने नलिका खंडप्रवाहाच्या सीमेजवळ नेऊन ठेवलेली असते व संदेशाची एक बाजू दुसरीच्या बरीच आधी छाटली जाते. या टप्प्याचे काम वाढविण्याचे नसून आकार देण्याचे आहे. त्यापुढे ४७० किलोओहमच्या दोन रोधकांनी संदेश निम्मा केला जातो. हे सर्व धरूनही स्वरनियंत्रकापर्यंतचे एकूण विवर्धन ढोबळमानाने चार ते सहापट वाढते. तीनही टप्पे पूर्ण विवर्धनाने जोडल्यास मात्र विवर्धक शीळ घालू लागतो. जोडतारांची मांडणी जुनीच ठेवली, तर हे हमखास घडते. निर्गम टप्प्याच्या तारा पहिल्या जालकापासून दूर नेणे, जालकालगत ६८ किलोओहमसारखा रोधक थेट नलिकेच्या बैठकीवर जोडणे व तापतंतूंच्या तारांना पीळ देणे हे उपाय आवश्यक असतात. दुसरा उपद्रव असा की, जालकातून प्रवाह वाहताना जोडधारित्र विद्युत् भारित होते व आघात ओसरल्यावरही काही काळ नलिका बंद ठेवते. स्वर तुटक व फसफसल्यासारखा येतो. लहान धारित्र व मोठा जालक रोधक यांनी तो आटोक्यात राहतो.

आवाजाच्या पातळीसाठी स्वरनियंत्रक व कलाविभाजक यांच्यामध्ये १ मेगओहमचा चलरोधक जोडतात. रिकाम्या झालेल्या दुसऱ्या मार्गाच्या नियंत्रकाची जागा त्यास चालते. याने अतिचालन व आवाज ही दोन वेगळी होतात. परंतु आवाज कमी असताना शक्तिनलिका, निर्गम रोहित्र व ध्वनिक्षेपक यांचा नादातील वाटा नाहीसा होतो आणि उरते ती केवळ पूर्वटप्प्यांची, किंचित भणभणणारी विकृती. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील नाद या उपायाने हुबेहूब मिळेल, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. १०० वॉटऐवजी ५० वॉटचा विवर्धक घेतल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण तो फरक फक्त ३ डेसिबेलचा आहे. आवाज कानाला निम्मा वाटण्यास शक्ती सु. दशांश व्हावी लागते.

कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेंडरच्या ‘प्रिन्स्टन’ या लहान विवर्धकात मोठे मंडल, मोठी रोहित्रे व १२ इंची ध्वनिक्षेपक बसवून दिला. पुढे त्यात जादा टप्प्यांची भर पडून ‘मेसा बूगी’ या विवर्धकांची परंपरा सुरू झाली. फेरफारातून स्वतंत्र उद्योग उभा राहिल्याचे हे ठळक उदाहरण होय. एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) यांनी मंडल बदलण्याऐवजी स्वयंरोहित्राने पुरवठ्याचा दाब उतरवून आपला मार्शल विवर्धक पूर्ण आवाजावर वाजविला. त्यांच्याविषयी प्रचलित असलेल्या दंतकथांच्या आहारी जाऊन काहींनी उलट दाब वाढविला व रोहित्रे जाळून घेतली.

धोके : या विवर्धकांत ४०० ते ५०० व्होल्ट एकदिश दाब असतो. ४५० व्होल्टला भारित झालेल्या ५० मायक्रोफॅराडच्या एकाच गाळणी धारित्रात सु. ५ जूल ऊर्जा साठते व पुरवठ्याची तार काढल्यानंतरही ती टिकून राहू शकते. हे प्राणघातक आहे. काम सुरू करण्यापूर्वी सु. १० किलोओहम, ५ ते १० वॉटच्या रोधकातून प्रत्येक धारित्र निर्भारित करावे व दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करावी. जुन्या अमेरिकन विवर्धकांत पुरवठ्याची तार दोनपदरी असून एक ०·०४७ मायक्रोफॅराडचे धारित्र पुरवठा व चौकट यांच्यात जोडलेले असते. ते आतून जोडले गेल्यास चौकट, आणि पर्यायाने गिटारच्या तारा, विद्युत् भारित होतात. असे धारित्र काढून भूसंपर्कासह तीनपदरी तार बसविणे हा फेरफार ऐच्छिक समजू नये. भारतात हे विवर्धक २३० व्होल्टवरून अवरोही रोहित्राने चालविताना, ६० हर्ट्‌झसाठी बनविलेले आतील रोहित्र ५० हर्ट्‌झवर अधिक तापते, हेही ध्यानात ठेवावे लागते. ध्वनिक्षेपक न जोडता विवर्धक चालविल्यास निर्गम रोहित्राचे निरोधन फुटण्याचा संभव असतो. शक्तिनलिका बदलल्यावर त्यांच्या जालकाचा स्थिर ऋण दाब पुन्हा जुळवावा लागतो. ईएल ३४ नलिकेच्या पट्टिकेची शक्तिव्ययाची मर्यादा २५ वॉट आहे व विश्रांत अवस्थेत तिच्या सु. ७० टक्क्यांपलीकडे न जाण्याचा प्रघात आहे.

जतनाचा प्रश्न : १९७०–९० या काळात जुने विवर्धक स्वस्त होते व त्यांवर निःशंकपणे प्रयोग झाले. चौकटीला भोके पाडली गेली, मूळ रोहित्रे फेकली गेली. आता मूळ स्थितीतील नमुने दुर्मिळ झाले असून फेरफार केलेल्या नमुन्याची किंमत पुष्कळच कमी येते. दुसऱ्या बाजूने, हे विवर्धक कपाटात ठेवण्यासाठी बनविलेले नव्हते व वादकाच्या हातातील साधन म्हणूनच त्यांना महत्त्व आले, या म्हणण्यातही तथ्य आहे. यांतून जाणकार कारागिरांनी काढलेला मार्ग असा : कोरडी पडलेली विद्युत् विच्छेद्य धारित्रे व पुरवठ्याची तार बदलण्यास आडकाठी नाही, नाद बदलणारे फेरफार मात्र चौकटीला भोक न पाडता व जुने सुटे भाग डागजोडातून अखंड सोडवून करावेत. काढलेला प्रत्येक रोधक व धारित्र, त्यांच्या मूळ जागा दाखविणारी आकृती आणि झालेल्या बदलांची तारीखवार नोंद एका पाकिटात घालून ते विवर्धकाच्या लाकडी पेटीतच ठेवतात. रोहित्रांवर छापलेले अंकही या नोंदीत उतरून घेतात, कारण विवर्धकाच्या निर्मितीचा काळ ठरविण्यास पुष्कळदा तेवढाच पुरावा उपलब्ध असतो.