निजामाचे वेगळे राज्य आणि गावची वेठ



अमेरिकेतल्या यादवी युद्धाची हकीकत तुमच्या कानावर असेल. तिथे दक्षिणेकडची शेती गुलामांच्या कष्टावर चाले. गुलामी जाईल या धास्तीने ती राज्ये फुटून निघाली. १८६१ पासून चार वर्षे लढाई झाली. शेवटी राज्ये संघराज्यात परतली आणि १८६५ साली गुलामगिरी घटनेनेच बंद झाली.

आता पोरे विचारतात, ‘गुरुजी, असे आपल्याकडे झाले का?’ हुबेहूब नाही झाले. पण नांदेड-लातूरच्या माणसाला फार लांब जायला नको.

आपल्याकडे प्रश्न फुटून निघण्याचा नव्हता, सामीलच न होण्याचा होता. इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र राहील, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये जाहीर केले. राज्यात तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी दीड कोटीवर माणसे. त्यांना विचारले कुणी? हाच सवाल स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने उभा केला. स्वामीजी मूळचे शिक्षक, हे गुरुजनांनी ध्यानात घ्यावे.

आणि वेठ? अंमलदार गावात उतरला की त्याचे सामान वाहायचे, बैलगाडी द्यायची, लाकूडफाटा पुरवायचा. मोबदला मागायचा नाही. हा भार बहुतेक दलितांवर आणि बलुतेदारांवर. कर्जापायी बाप राबला, मग पोरगा राबला. अमेरिकेसारखा माणसांचा बाजार इथे भरत नव्हता, पण राबणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. तेलंगणात तर १९४६ पासून कुळे हत्यार घेऊन उठली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. पण शांतता कसली! लातूरचे वकील कासिम रझवी रझाकारांचे पुढारी झाले आणि गावोगाव दहशत बसली. कराचीहून विमानांनी चोरून हत्यारे येत. इकडे सरहद्दीवर लढवय्यांचे कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आली. अमेरिकेत चार वर्षे लागली, इथे पाच दिवस. १७ तारखेला निजामाने माघार घेतली. आपण त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो, पण आले होते ते लष्कर.

यापुढचे पान आपण झटकन उलटतो, ते उलटू नये. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. मेलेल्यांचा तिचा अंदाज, कमीत कमी धरून, २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

आणि वेठीचे काय झाले? १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कूळकायदा आला. पण कर्जापायी राबवून घेणे देशभर बेकायदा ठरायला १९७६ उजाडावे लागले. त्यानंतरही पाडव्याला सालगडी ठरवताना आधी बोलणे होई ते उचल किती द्यायची याचे.