मोकळे रान आणि त्याचे नियम

सुटी लागली की डोंगराकडे धाव घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी उच्च शिक्षणासाठी नॉर्वेला गेला, तर अभ्यासाबरोबर ही आवडही जोपासता येते. राजधानी ऑस्लोत मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावर उतरले की जवळच नूरमार्काचे जंगल सुरू होते.

१९५७ च्या कायद्यानुसार तेथे शेती-अंगण सोडून बाकीच्या रानात, जमीन खासगी असली तरी, कोणालाही पायी फिरता येते. तंबूही ठोकता येतो. मात्र राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर, आणि वस्तीजवळ परवानगीशिवाय दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात शेकोटीला साधारणपणे मनाई असते.

हिवाळ्यात मात्र सावध राहावे. डिसेंबरात ऑस्लोत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून तेथे डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम सांगितलेले आहेत. कोठे जाणार ते कोणाला तरी सांगून निघावे, हा त्यांतलाच एक. दुसरा असा, की वेळीच मागे फिरावे, त्यात लाज कसली?

पालकांनीही फोनवर मुलांना "शिखर गाठलेस का?" असे न विचारता "परत कधी येणार, कोणाला सांगितलेस?" असे विचारावे. ही सवय जांबोटी-आंबोलीच्या सहलीपासूनच लावून घेतलेली बरी!