ट्रॅक्टरच्या इंजिन ब्लॉकला तडा : परीक्षा व दुरुस्ती

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानपट्ट्यात रोवणीचे दिवस मोजकेच असतात. पऱ्हे साधारण तीन ते साडेतीन आठवड्यांचे झाले की ते बांधीत जावयास हवेत. जून झालेल्या रोपांस फुटवे कमी येतात व त्याचा परिणाम थेट उताऱ्यावर होतो. अशा ऐन वेळी चिखलणीस लावलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या तेलात पाणी दिसावे व मिस्त्रीने ‘ब्लॉक फुटला’ असे सांगावे, हा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. जुन्या यंत्रास नवा ब्लॉक सहजी मिळत नाही. पिंजोर येथे १९७१ पासून तयार होत असलेल्या एच.एम.टी. ट्रॅक्टरांचे उत्पादन २०१६ मध्ये बंद झाले. (याच कंपनीच्या घड्याळावरून नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्या निवड पद्धतीच्या धानास नाव मिळाले होते, हे या भागातील वाचकांस ठाऊक आहेच.) सबब, ब्लॉक भंगारात घालण्यापूर्वी तो खरोखरच फुटला आहे काय व फुटला असल्यास कोठे, याची नीट परीक्षा होणे अगत्याचे आहे.

थंड देशांत ब्लॉक तडकतो तो बहुधा इंजिनातील पाणी गोठून फुगल्यामुळे. आपल्याकडे कारण नेमके उलट आहे. चिखलणीत इंजिनावर भार जास्त व ट्रॅक्टरची गती कमी असते. रेडिएटरच्या जाळीत चिखल, तणस व गवताचे बी बसून वारा अडतो. विहिरीच्या जड पाण्याचे क्षार आत साचून उष्णता बाहेर पडू देत नाहीत. इंजिन तापते, पाणी उकळून उडून जाते, आणि घाईने बांधीतले गार पाणी त्यात ओतले जाते. ब्लॉक बिडाचा असतो. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसत नाही. तापलेला भाग एकाएकी आकसू लागला की ते तडकते. म्हणून पाणी शिल्लक असता इंजिन तापल्यास भार काढून ते मंद गतीने चालू ठेवावे. पाणी संपलेच असेल तर इंजिन तत्काळ बंद करून ते पूर्ण निवू द्यावे व मगच थोडेथोडे पाणी घालावे. रेडिएटरचे झाकण तापलेले असता कधीही उघडू नये. वाफेने तोंड भाजते.

तेल ताकासारखे पांढुरके झाले, एवढ्यावरून ब्लॉक फुटला असे ठरविता येत नाही. हेडचे गॅस्केट जळाले असता किंवा लायनरखालची रबरी कडी झिजली असताही पाणी तेलात उतरते, आणि ही दोन्ही कामे तुलनेने स्वस्त आहेत. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असल्यास प्रथम गॅस्केट व हेड पाहावे. तरीही शंका राहिल्यास ब्लॉक उतरवून स्वच्छ धुवावा व वाळवावा. संशयित जागी रॉकेल लावून पाव तासाने ते कोरडे पुसावे आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. तड्यात मुरलेले रॉकेल वर येऊन पुडीवर काळसर रेघ उमटते. साधने साधी असली तरी ही परीक्षा पुष्कळ वेळा उपयोगी पडते. आतील तडे शोधण्यासाठी मात्र पाण्याच्या पोकळीची तोंडे बंद करून दाबाने तपासणी करावी लागते.

तडा कोणत्या जागी आहे यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. पाण्याच्या पोकळीच्या बाहेरील भिंतीस गेलेला तडा हमखास दुरुस्त होण्याजोगा असतो. क्रँकच्या बेअरिंगची बैठक, लायनरची बैठक अथवा हेडच्या बोल्टचे छिद्र यांतून गेलेला तडा मात्र अवघड. बहुतेक ट्रॅक्टरांस मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. पुढील आसाचा भार ब्लॉकवरूनच मागे जातो. त्यामुळे क्लच-घराशी जोडणाऱ्या कडेस तडा असल्यास तेथे तात्पुरता उपाय करणे धोक्याचे होय.

दुरुस्तीच्या दोन रीती आहेत. पहिली वेल्डिंगची. प्रथम तड्याच्या दोन्ही टोकांस बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नंतर तड्यावर खाच घासून मुरलेले तेल काढावे व निकेलच्या इलेक्ट्रोडने सुमारे एक इंच लांबीचाच टाका घालावा. टाका गरम असताच हातोडीने हलके ठोकावे, आणि ती जागा हाताला सोसेल इतकी निवल्यावर दुसरा टाका थोड्या अंतरावर घालावा. साध्या लोखंडी इलेक्ट्रोडने सलग ओढलेली रेघ दिसावयास सुबक असते, परंतु निवताना तिच्याच कडेने नवा तडा जातो. घाई करणाऱ्या कारागिराकडे हे काम न दिलेले बरे. ब्लॉक ट्रॅक्टरवरच असेल तर बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

दुसरी रीत थंड शिवणीची; तीत उष्णता मुळीच लागत नाही. तड्याला आडवी घरे कोरून त्यांत धातूच्या कुलुपासारख्या पट्ट्या ठोकतात व तड्याच्या रेषेवर एकमेकांत गुंतणारे आट्यांचे खिळे बसवितात. टेक्ससच्या तेलक्षेत्रांत, जेथे ठिणगीचीही भीती, तेथे ही पद्धत १९३० च्या दशकात रुजली. खर्च अधिक, तथापि ब्लॉक वाकण्याची भीती नसल्याने मौल्यवान यंत्रास हीच श्रेयस्कर.

पाण्यात टाकावयाच्या गळती-बंद पुडीने गळती थोडा वेळ थांबते. परंतु तीच पूड रेडिएटरच्या नळ्यांत बसते व इंजिन पुन्हा तापते.

दुरुस्तीनंतर दाबाची परीक्षा पुन्हा घ्यावी. जुने तेल व गाळणी बदलावी. पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट, अथवा निदान गाळलेले पावसाचे पाणी भरावे. पहिले काही दिवस ट्रॅक्टर हलक्या कामास लावून रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची कांडी व पाण्याची पातळी पाहावी. पातळी आठवडाभर स्थिर राहिल्यावर त्यास चिखलणीस जुंपण्यास हरकत नाही.